मोपाहून दुबई किती लांब?

मंडळी, चवथीची तिकिटं काढायचे दिवस जवळ आले की आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच वाद सुरू होतो: मोपा बरं की दाबोळी? यंदा जरा आकडे मांडूनच बोलू.

मोपा ते दुबई सरळ हवाई अंतर साधारण २,२०० किलोमीटर. प्रत्यक्षात विमान ठरलेल्या हवाई मार्गाने जातं, उतरायला रांगेत थांबतं, त्यामुळे थोडं जास्तच. थेट विमान असेल तर जाताना साडेतीन तास धरा. येताना, विशेषतः थंडीत, पश्चिमेचा वारा पाठीशी असतो. तीनेक तासांत पोचतो.

घड्याळ मात्र उलटं सांगतं. सकाळी १० ला मोपाहून निघालेला दुबईत १२ ला उतरतो, आणि तिथून १२ ला निघालेला इथे साडेचारला. भारताचं घड्याळ दीड तास पुढे, एवढंच कारण. आमच्या आजीचा ठाम समज आहे की दुबई जायला जवळ आणि यायला लांब. मी प्रोग्रॅममध्ये सगळ्या वेळा यूटीसीत साठवतो, पण हा उपाय आजीला सांगण्यात अर्थ नाही. शिवाय तिचं म्हणणं मला पूर्ण चुकीचंही वाटत नाही.

आता वादाचा मुद्दा. दाबोळीहून दुबई मोपापेक्षा जेमतेम २० किलोमीटर लांब, म्हणजे विमानाची दीड मिनिटं. आकाशात निवडण्यासारखं काही नाहीच, फरक सगळा जमिनीवर. डिचोलीहून दाबोळी गाठायची तर मांडवी आणि झुआरी दोन्ही ओलांडायच्या. २०२२ च्या डिसेंबरात नव्या झुआरी पुलाची एक बाजू खुली होईपर्यंत आम्ही जुन्या पुलावरच्या खोळंब्यासाठी तासभर वेगळाच धरायचो. पहाटेचं विमान असलं की अख्खं घर मध्यरात्री जागं. ५ जानेवारी २०२३ ला मोपाहून उड्डाणं सुरू झाली आणि आमची वाट कोलवाळ, धारगळवरून वळली. पेडणेकरांच्या तर तालुक्यातच विमानतळ. काणकोणकरांना विचाराल तर ते कपाळाला हात लावतील, आणि त्यांचंही खरंच आहे.

गेल्या पावसाळ्यात बाबा इस्पितळात होते. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर दुबईहून निघालो, दोन दिवस त्यांच्या उशाशी बसलो, सोमवारी परत कामावर. दाबोळीच्या काळात आईनेच फोनवर सांगितलं असतं, ‘दोन दिवसांसाठी कशाला येतोस? अर्धा वेळ वाटेतच जाईल.’

मात्र आमचे हे वाचलेले तास मोपा, वारखंड, कासारवर्णे, चांदेल भागातल्या लोकांच्या जमिनीतून आलेत. त्या पठारावर काजू होते, गुरं चरायची. पर्यावरण परवान्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, मार्च २०१९ मध्ये परवाना स्थगित झाला आणि जानेवारी २०२० मध्ये पुन्हा वाट मोकळी झाली. विमानतळ झाल्यावरही पेडण्यातल्या टॅक्सीवाल्यांना तिथे काउंटर मिळावा म्हणून आंदोलन करावं लागलं. आपण तिथून घरी येताना टॅक्सी करणारच, तर पेडण्याची करावी, असं मला वाटतं.

आणि तिकीट काढताना नुसतं ‘गोवा’ वाचून पैसे भरू नका. जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे दाबोळी. न्यायला येणाऱ्यालाही तेच अक्षर कळवा, नाहीतर भावजी दाबोळीला आणि तुम्ही मोपाला.