यंदा १७ नंबरचा फॉर्म भरूया!

ठाणे, कळवा, मुंब्रा, डोंबिवली आणि कल्याणच्या सर्व रहिवाशांनो,

सातवी-आठवीत शाळा सुटली ती सुटलीच, अशी माणसं आपल्या प्रत्येक इमारतीत रोज येतात. पोळ्यांच्या मावशी, गेटवरचे वॉचमन काका, एमआयडीसीत हेल्परच राहिलेले शेजारी. काम चोख येतं, पण जाहिरातीत ‘किमान दहावी पास’ वाचलं की मागे फिरतात. अंगणवाडी सेविकेच्या भरतीला तर आता बारावी लागते.

राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून त्यांना खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येतं. वयाची १४ वर्षं पूर्ण आणि किमान पाचवी पास असलं की झालं. चाळिशी-पन्नाशीतही बसता येतं. पेपर तेच, परीक्षा तीच, प्रमाणपत्रही मंडळाचंच.

अडतं ते अभ्यासाच्या आधी, दाखल्यापाशी. शाळा गावाकडे, खानदेशात नाहीतर कोकणात. शाळा सोडल्याचा दाखला पेटीत होता, घरं बदलताना कुठे गेला कळलं नाही. सापडला तर त्यावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. एक खाडा केला की पगार कापला जातो, मग दाखल्यासाठी गावी कोण जाणार? खरं तर मूळ दाखला नसेल तर शाळेकडून त्याची दुसरी प्रत मिळते, ती प्रतिज्ञापत्रासह जोडता येते. पण हे त्या मावशींना सांगायचं कोणी? शाळेला फोन कोणी करायचा, ऑनलाइन अर्ज कोणी भरायचा? दहावीला बसलेली बहुतेक मुलं आईवडिलांचं बोट धरून इथवर पोचतात. या मोठ्या माणसांच्या पाठीशी कोणीच नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: प्रत्येक सोसायटीने, प्रत्येक चाळीने आपल्याकडची एक व्यक्ती निवडावी आणि दाखल्यापासून हॉल तिकिटापर्यंत तिच्यासोबत राहावं. फॉर्मची मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते. जानेवारीत चौकशीला येणाऱ्यांना दरवर्षी परत पाठवावं लागतं. तेव्हा मंडळाच्या संकेतस्थळावर आत्तापासून लक्ष ठेवा.

अभ्यासाचं म्हणाल तर, भिशीतल्या वीस जणींचा हिशेब तोंडी करणाऱ्या एक ताई माझ्याकडे बसतात. शेकडेवारीचं गणित वहीत मांडायला सांगितलं की त्यांचा हात थांबतो. तेच ‘दहा हजारांवर महिना दोन टक्के’ म्हटलं की उत्तर लगेच हजर! गणित त्यांना येतं, मांडणीची सवय नाही. त्याहून अवघड लिहिण्याचा वेग. मराठीचा पेपर ८० गुणांचा, तीन तासांचा, आणि वर्षानुवर्षं पेन न धरलेली बोटं अर्ध्या तासात दुखू लागतात. रोज एक पान लिहून घेणारं कोणी भेटलं तर हे सुटतं. हे काम कॉलेजातली मुलंही करू शकतात.

पाचवीही न झालेल्यांनी खचू नये. अक्षरओळखीपासून सुरुवात करणाऱ्या १५ वर्षांवरील सर्वांसाठी केंद्राचा ‘उल्लास’ साक्षरता कार्यक्रम आहे. याच ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी योगेंद्र बांगर गुरुजींनी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठी-सत्तरी ओलांडलेल्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन तिथे पाटीवर अक्षरं गिरवू लागल्या. कल्याणहून मुरबाडची एसटी पकडा आणि एकदा त्या गावी जाऊन या.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतूनही दहावी करता येते. तिथली नोंदणी पाच वर्षं चालते, विषय थोडे थोडे करून सोडवता येतात. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांना ती सोय जास्त मानवते.

जागा मात्र हवी. एका खोलीत पाच माणसं आणि टीव्ही, तिथे पुस्तक उघडायचं कुठे? कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं. वाचायला जागा हवी हे आपल्या गावांनी फार पूर्वी ओळखलं होतं. सोसायटीचं कार्यालय आणि गणेशोत्सव मंडळाची खोली वर्षातले बहुतेक दिवस कुलूपबंद असते. रात्री आठ ते साडेनऊ ती उघडी ठेवा. दिवा, पंखा, चार खुर्च्या एवढं पुरे. परीक्षेच्या दिवसांत घरकामाच्या ताईंना भरपगारी सुट्टी द्या. एखादा विषय राहिलाच, तर पुरवणी परीक्षेचा फॉर्मही त्यांच्यासोबत बसूनच भरा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, डोंबिवली