समुद्राला लोखंडाचं टॉनिक!

परवा कॅन्टीनमध्ये एका मित्राने ग्लोबल वॉर्मिंगवर जालीम उपाय सांगितला. "सोप्पंय रे, समुद्रात लोखंड टाकायचं. प्लँक्टन वाढणार, कार्बन डायॉक्साईड खाणार, मरून तळाला जाणार. खेळ खल्लास!"

कल्पना अगदीच टाकाऊ नाही हो. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात नायट्रेट-फॉस्फेट भरपूर, पण लोह इतकं कमी की सूक्ष्म वनस्पती वाढतच नाहीत. अर्धा टँकर लोखंड द्या, हिमयुग आणतो, असं जॉन मार्टिन १९८८ मध्ये गमतीत म्हणाला होता. लोकांनी गंमत सोडली आणि टँकर तेवढा धरला!

२००९ मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर इन्स्टिट्यूट यांनी दक्षिण अटलांटिकमध्ये 'लोहाफेक्स' प्रयोग केला. (नावातलं 'लोहा' आपलंच.) सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोह सोडलं. दोन आठवड्यांत वनस्पती दुप्पट... आणि मग गाडी अडली. कारण तिथली सिलिका आधीच्या नैसर्गिक बहरांत संपली होती, आणि काचेसारखं कवच असलेले डायटम तिच्याशिवाय वाढत नाहीत. जे वाढलं ते बारीक, बिनकवचाचं. ते कोपेपॉड नावाच्या चिमुकल्या प्राण्यांनी फस्त केलं, आणि कोपेपॉडना खायला ॲम्फिपॉड हजर! खाल्लेला बराचसा कार्बन श्वासावाटे परत वरच्याच पाण्यात. तळाकडे गेला जेमतेम.

गंमत म्हणजे २००४ च्या 'आयफेक्स' प्रयोगात जहाज हेच, 'पोलरस्टर्न'. पण तेव्हा पाण्यात सिलिका होती. डायटम फोफावले आणि त्या बहरातला किमान निम्मा माल १००० मीटरच्या खाली गेला. लोखंड तेच, निकाल उलटा.

आपण सॉफ्टवेअरवाले हे रोज बघतो की. सर्व्हर स्लो म्हणून रॅम वाढवली, की डिस्क रडायला लागते. तरी "एवढ्या टन लोखंडाला एवढा टन कार्बन" असा सरळ हिशोब मांडताना आपल्याला काहीच खटकत नाही? २००७ मध्ये प्लँक्टोस नावाची अमेरिकन कंपनी यातून चक्क कार्बन क्रेडिट विकायला निघाली होती. २००८ मध्ये पैसे आटले म्हणून थांबली, शहाणपण सुचलं म्हणून नव्हे.

पण प्रयोगच नको म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. विरोध झाला म्हणून जर्मन सरकारने जानेवारी २००९ मध्ये लोहाफेक्स काही दिवस रोखून धरला होता. तो कायमचाच रोखला असता, तर कॅन्टीनमध्ये मी त्या मित्राला काय डोंबल सांगणार होतो?