लिंक पाठवण्याआधी

ताटलीत रंगीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती आणि तिच्यावर उपडा घातलेला काचेचा पेला. ज्योत मिणमिणते, विझते आणि पाणी पेल्यात वर चढते. विज्ञानाच्या बहुतेक शिक्षकांनी हा प्रयोग कधी ना कधी वर्गात केलेला असतो. इंटरनेटवर तो मराठी, हिंदी, इंग्रजी अशा हव्या त्या भाषेत सापडतो. त्यातल्या बऱ्याच व्हिडिओंमध्ये स्पष्टीकरण एकच असते: मेणबत्तीने पेल्यातला ऑक्सिजन संपवला, हवेत ऑक्सिजन एकपंचमांश असतो, म्हणून पाणी एकपंचमांश उंचीपर्यंत चढले. ऐकायला नेटके आहे, पण चूक आहे.

प्रयोग सावकाश पाहिला की ही चूक उघडी पडते. ऑक्सिजन हळूहळू संपत असेल, तर ज्योत जळत असताना पाणीही हळूहळू चढायला हवे. प्रत्यक्षात ज्योत विझेपर्यंत ते जेमतेम हलते आणि विझल्याबरोबर झपकन वर येते. पेला ठेवताना काठाखालून बुडबुडे निसटतात, तेही नीट पाहणाऱ्याला दिसतात. ज्योतीने तापलेली हवा प्रसरण पावून बाहेर पडली. ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसली आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने पाणी आत ढकलले गेले. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी आणखी वर चढते, आणि पेल्यातला ऑक्सिजन तर तेवढाच असतो! शिवाय ज्वलनात कार्बन डायऑक्साइड तयार होत असतो आणि सगळा ऑक्सिजन संपण्याच्या बऱ्याच आधी ज्योत विझते.

मुलांसाठी चांगले साधन शोधणाऱ्या शिक्षकाच्या हातात ही मेणबत्ती म्हणजे एक उत्तम कसोटी आहे. एखाद्या नव्या चॅनेलवर किंवा संकेतस्थळावर गेल्यावर सगळे काही पाहणे कुणालाच शक्य नसते. आपल्याला आतून-बाहेरून माहीत असलेला एकच प्रयोग, एकच सिद्धता तिथे शोधावी. ती कशी मांडली आहे यावरून बाकीच्या ऐवजाची बरीचशी पारख होते.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि राज्यभर शिक्षणाचा डोलारा व्हॉट्सॲप ग्रुपवर उभा राहिला. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला रोज मोबाइलवर येत होती. त्या दिवसांत लिंक पाठवणे म्हणजेच शिकवणे होते आणि शिक्षकांनी ते मनापासून केले. शाळा उघडल्या, सवय मात्र राहिली. केंद्राच्या ग्रुपवर आलेली लिंक शाळेच्या ग्रुपवर जाते, तिथून वर्गाच्या, तिथून पालकांच्या. या साखळीत ती शेवटपर्यंत कुणी पाहिली, हे विचारले तर अनेकदा उत्तर मिळत नाही. ज्या मुलाच्या घरी एकच मोबाइल आहे आणि तो वडिलांसोबत रात्री आठला घरी येतो, त्या मुलाला मिळणारा अर्धा तास मौल्यवान असतो. तो चुकीच्या स्पष्टीकरणावर खर्च होणे हे साधे नुकसान नव्हे.

मराठी माध्यमाच्या मुलापुढे आणखी एक अडचण उभी असते आणि तिची चर्चा फार कमी होते. बालभारतीचे पुस्तक सांगते की आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून क्षार आणि पाणी तयार होते. हाच पाठ इंटरनेटवर शोधला की हिंदी व्हिडिओंची रांग लागते. तिथे अम्ल आणि क्षारक यांच्यापासून लवण आणि जल बनते. म्हणजे मराठी पुस्तकातला ‘क्षार’ हा सॉल्ट असतो आणि हिंदीतला ‘क्षार’ अल्कली. आठवीतला मुलगा व्हिडिओ मन लावून पाहतो आणि वहीत लिहितो, ‘क्षारामुळे लाल लिटमस निळा होतो.’ शिक्षक त्यावर लाल फुली मारतात. मुलाला मात्र कळत नाही की चुकले काय, कारण त्याने ऐकले तेच लिहिले होते. साधे मीठ हा क्षारच आहे आणि त्याच्या द्रावणात लिटमस रंग बदलत नाही, हे त्याला सांगायचे राहून गेलेले असते.

गणितातही हेच घडते. हिंदीतली ‘अभाज्य संख्या’ ती आपली मूळ संख्या, ‘भिन्न’ म्हणजे अपूर्णांक आणि ‘समांतर श्रेढी’ म्हणजे अंकगणिती श्रेढी. सेमी-इंग्रजीच्या वर्गात तर पुस्तक एका भाषेत, शिक्षकांचे बोलणे दुसऱ्या आणि व्हिडिओ तिसऱ्या भाषेत असतो. हिंदी किंवा इंग्रजी साधने टाळावीत, असा याचा अर्थ मुळीच नाही. त्यांच्याशिवाय भागणारही नाही. व्हिडिओ लावण्यापूर्वी फळ्याच्या कोपऱ्यात पाच-सहा शब्दांच्या जोड्या लिहिल्या, तर हा गोंधळ टळतो. त्या जोड्या काढायला शिक्षकाला व्हिडिओ आधी पाहावाच लागतो, हा त्यातला दुसरा फायदा.

मग पाहावे काय? सुरुवात घरातूनच करावी. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की ‘दीक्षा’वरचे त्या पाठाचे साहित्य उघडते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या या व्यासपीठावरच्या साहित्याचा दर्जा सारखा नाही, पण शब्द पुस्तकातले असतात आणि क्रमही पुस्तकाचाच असतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी क्यूआर कोडचा जो वापर केला, तो २०२० च्या ग्लोबल टीचर प्राइझमुळे जगभर पोहोचला. तो कोड आज प्रत्येक मुलाच्या दप्तरात आहे, मात्र अनेक वर्गांत तो वर्षभरात एकदाही उघडला जात नाही. ई-बालभारतीवर पुस्तकांच्या पीडीएफ मोफत मिळतात. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे. एखादी संज्ञा मराठीत नेमकी कशी मांडावी असा प्रश्न पडला, तर शिक्षकाने स्वतःसाठी तिथे जावे. मुलांसाठी ती भाषा जड आहे.

अरविंद गुप्ता यांचे काम माहीत नसलेला विज्ञान शिक्षक महाराष्ट्रात विरळा. आयआयटी कानपूरमधून अभियंता होऊन बाहेर पडलेल्या या माणसाने आयुष्य टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवण्यात घालवले. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांच्या चमूने शेकडो छोट्या चित्रफिती तयार केल्या आणि त्यातल्या अनेक मराठीतही आहेत. त्यांच्या संकेतस्थळावर मुलांची व शिक्षणविषयक हजारो पुस्तके मोफत वाचता येतात. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे सगळे आदराने सांगितले जाते. त्या चित्रफिती वर्गात वापरायच्या कशा, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

त्यातली साधी मोटर पाहावी. टॉर्चचा सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि इनॅमलचा लेप असलेल्या तांब्याच्या तारेचे वेटोळे. चित्रफितीत मोटर मिनिटाभरात गरगर फिरू लागते. वर्गात दहा गट ती करतात आणि त्यातल्या अनेकांची फिरत नाही. वेटोळे थरथरते, अर्धा झोका घेते आणि थांबते. बहुतेक वेळा कारण एकच निघते: मुलांनी तारेच्या दोन्ही टोकांवरचा लेप पूर्ण खरवडून काढलेला असतो. एका टोकावरचा लेप पूर्ण काढायचा असतो, दुसऱ्यावरचा फक्त एका बाजूचा. तसे केले की अर्ध्या फेऱ्यात प्रवाह वाहतो आणि वेटोळ्याला ढकलतो. उरलेल्या अर्ध्यात तो थांबतो, म्हणून वेटोळ्याला उलट ढकलणारे बल निर्माण होत नाही आणि ते स्वतःच्या वेगाने पुढे जाते. दहावीच्या पुस्तकात विद्युत चलित्राच्या आकृतीतले दुभंगलेले कडे कशासाठी असते, ते इथे मुलांच्या बोटांना कळते. चित्रफीत तीस सेकंदांवर थांबवून तारेचे टोक दाखवणारा शिक्षक आणि ती सलग लावून पुढे जाणारा शिक्षक यांच्या वर्गांत फार मोठा फरक पडतो.

अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठाचा ‘फेट’ हा प्रकल्प असाच अभ्यासून वापरण्याजोगा आहे. कार्ल वीमन यांना २००१ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले आणि २००२ मध्ये त्यांनी हे काम सुरू केले. यातली आभासी प्रतिरूपे मोफत आहेत, अनेकांचे मराठी अनुवाद झाले आहेत आणि एकदा उतरवून घेतली की ती इंटरनेटशिवाय चालतात. जिथे रेंज दोन काड्यांच्या वर जात नाही, अशा शाळेला ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ‘बल्बमध्ये वीज खर्च होते, म्हणून बल्बच्या पुढे प्रवाह कमी होतो’ असे विद्यार्थ्यांना ठामपणे वाटत असते. फेटच्या परिपथात बल्बच्या अलीकडे आणि पलीकडे इलेक्ट्रॉन सारख्याच गतीने सरकताना दिसतात. पण ते दाखवण्यापूर्वी मुलांना अंदाज वहीत लिहायला लावला पाहिजे. अंदाज चुकला की चर्चा पेटते. नुसते दाखवले तर मुले रंगीत ठिपके पाहतात आणि समज जिथल्या तिथे राहतो. शिवाय पडद्यावरचा सेल सहसा उतरत नाही आणि तार सैल होत नाही. म्हणून त्याच आठवड्यात खरा सेल आणि खरा बल्ब हातात द्यायलाच हवा.

भूमितीसाठी जिओजेब्रा आहे. त्रिकोणाचा एक शिरोबिंदू बोटाने ओढत नेला आणि कोन विशाल झाला की शिरोलंबसंपात बिंदू त्रिकोणाबाहेर निसटतो; वर्गातून ‘अरे!’ असा आवाज येतोच. इंग्रजी वाचू शकणाऱ्या शिक्षकाने केंब्रिज विद्यापीठाचा ‘एनरिच’ हा गणिती कोड्यांचा संग्रहही पाहावा. एकेक प्रश्न तासभर पुरतो आणि वर्गातल्या मागे पडलेल्या मुलालाही सुरुवात करता येते. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने ऑलिंपियाडच्या जुन्या प्रश्नपत्रिका संकेतस्थळावर ठेवल्या आहेत. एखाददुसऱ्या मुलाला वर्गाच्या पलीकडचे काही हवे असते, त्याच्यासाठी त्या आहेत.

गणिताच्या बाबतीत एक इशारा द्यायला हवा. ‘पाच सेकंदांत उत्तर’ सांगणाऱ्या क्लृप्त्यांचे व्हिडिओ मुलांना आवडतात. ते अचूक असले तरी बहुधा कारण सांगत नाहीत आणि अनेकदा अटही गाळतात. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांची ६१७४ ही संख्या सगळ्यांना ठाऊक आहे. चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करावी आणि हेच पुन्हा पुन्हा करावे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. आता २१११ घेऊन पाहावे. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. इथे पुढचे शून्य ठेवून ०९९९ असेच धरायचे, ही अट सांगितली नसेल, तर मुलगा ९९९ मधून ९९९ वजा करतो, शून्यावर येतो आणि कापरेकर चुकले असे समजतो. शून्य राखले तर ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, मग ८०८२, मग ८५३२ आणि मग ६१७४. सगळे अंक सारखे असलेली संख्या घ्यायची नाही, ही दुसरी अट. ज्या पानावर या दोन्ही अटी आहेत, ते लिहिणाऱ्याने निदान चार संख्या स्वतः करून पाहिल्या असाव्यात. इतरांची पाने नकलून लिहिलेल्या मजकुरात नेमक्या अटीच गळतात.

एका शिक्षकाने हे सगळे एकट्याने तपासणे अवघड आहे. शाळेतल्या तासिका, परीक्षा, माहितीचे तक्ते आणि निवडणुकीची कामे यांतून उरणारा वेळ सगळ्यांना माहीत आहे. पण एका केंद्रातल्या दहा शाळांमधल्या गणित-विज्ञानाच्या शिक्षकांनी प्रत्येकी एक घटक वाटून घेतला आणि त्यासाठी वर्षभरात तीनच साधने नीट पारखली, तरी तीस साधनांची खात्रीची यादी तयार होते. शिक्षण परिषदेत अर्धा तास यासाठी मागून घ्यावा. यादी लहान असावी. शंभर लिंकांची यादी पालक उघडत नाहीत आणि मुलेही उघडत नाहीत.

पुढील अंकापासून हे मासिक अशा नोंदींसाठी दोन पाने राखून ठेवत आहे. शिक्षकांनी स्वतः वर्गात वापरलेल्या एकाच साधनाविषयी लिहावे. ते कोणत्या इयत्तेच्या कोणत्या पाठासाठी वापरले, कितव्या मिनिटाला थांबवले, आधी कोणता प्रश्न विचारला, फळ्यावर कोणते शब्द लिहून दिले, इंटरनेटशिवाय ते चालते का आणि त्यात चूक आढळली असेल तर कोणती, एवढे लिहिले तरी पुरे. पूर्ण फसलेल्या तासाची नोंदही तितकीच हवी आहे. मजकूर एका पानाचा असावा आणि तो महिनाअखेरपर्यंत संपादकीय पत्त्यावर पोहोचावा.