दोष पायाचा कीं पेडलचा?

मोटारगाडी ही वस्तु आतां आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकांच्या घरींही आली आहे. पण तिच्याबरोबर तिची विद्या आलेली नाहीं. मुलांकडून शब्दरूपें आणि समास घोकून घेण्यांत माझा जन्म गेला; त्या सर्व काळांत माझ्या मालकीचें सर्वांत गुंतागुंतीचें यंत्र म्हणजे सायकल. त्यामुळें या महिन्यांत मी क्लचवर लिहावयास बसलों आहें हें पाहून या पानाच्या नित्याच्या वाचकांस हंसूं येईल. परंतु ज्या प्रकरणानें मला हा विषय शिकविला, त्यांत माझ्याच तोंडून घरांतील एका माणसावर अन्याय झाला, म्हणून तें सांगणें प्राप्त आहे.

गेल्या मार्गशीर्षांत आम्ही योगेश्वरीच्या उत्सवासाठीं अंबाजोगाईस निघालों होतों. बीडहून मांजरसुंबा, नेकनूर, केज असा हा सुमारें नव्वद किलोमीटरांचा रस्ता. गाडींत वडील बंधू, त्यांचा पॉलिटेक्निकांत शिकणारा नातू, आमचें कुटुंब आणि मी. चालवीत होती धाकटी सूनबाई. ती रोज शाळेंत शिकवावयास गाडीनेंच जाते आणि घरांत तिच्याइतका सराईत हात कोणाचा नाहीं. गाडी घेऊन अकरा महिने झाले होते. हमी दोन वर्षांची. दिवस उसाच्या हंगामाचे. घाटांत उसानें भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली, आणि तिच्यामागें आमची गाडी दहा हात पुढें जाई, पुन्हां थांबे. मध्येंच सूनबाई म्हणाली, "मामंजी, पेडल खालीं बसतंय." पुढच्या वळणाशीं गिअर बदलतांना गाडीनें असा कर्कश आवाज केला कीं आमच्या कुटुंबानें मोठ्यानें देवीचें नांव घेतलें. सूनबाईनें पेडल तीन-चार वेळां भराभर दाबलें, कसाबसा पहिला गिअर पाडला, आणि वळण ओलांडून रुंद जागा दिसतांच गाडी कडेला घेतली. नातवानें चाकांमागें धोंडे लावले. ब्रेक शाबूत होते, तेव्हां भिण्याचें कांहीं कारण नव्हतें, असें तो मागाहून म्हणाला. त्या वेळीं मात्र तोही बोलत नव्हता.

टोचन लावून गाडी कंपनीच्या वर्कशॉपांत नेली. त्या वर्कशॉपचें आणि कंपनीचें नांव मी येथें देत नाहीं. तेथील एका तरुण गृहस्थानें पेडल दोनदां दाबून पाहिलें, किल्ली फिरविली, आणि निकाल दिला कीं क्लच प्लेट जळाली. मग विचारिलें, "गाडी कोण चालवतं?" सूनबाईकडे पाहून तो हंसला. "मॅडमना अर्ध्या क्लचवर पाय ठेवायची सवय असेल." प्लेट ही झिजणारी वस्तु, ती हमींत बसत नाहीं, खर्च अठरा हजारांच्या आसपास. सूनबाई कांहीं बोलली नाहीं. घरीं परततांना रिक्षांत मी म्हणालों, "थोडं जपून चालवायला हवं होतं." एवढेंच. तिनेंही "होय, मामंजी" एवढेंच म्हटलें. पण तें असें म्हटलें कीं रात्रीं अंथरुणावर मला तें पुन्हां पुन्हां आठवूं लागलें.

सकाळीं चहा घेतांना तिनें विषय काढला. "मामंजी, एक विचारूं? प्लेट गेली असती तर चढावर इंजिन नुसतं ओरडलं असतं आणि गाडी ओढली नसती. काल गाडी ओढत होती. गिअर पडत नव्हता."

या दोन वाक्यांत सारें प्रकरण आहे, म्हणून क्लच म्हणजे काय हें आधीं सांगितलें पाहिजे. इंजिन सुरू असतां तें फिरतच राहतें. चाकांना मात्र कधीं फिरावयाचें असतें, कधीं थांबावयाचें असतें. या दोहोंमध्यें घर्षणाची एक चकती असते, ती क्लच प्लेट. मागून दुसरी एक तबकडी जोरदार स्प्रिंगच्या बळानें तिला इंजिनाच्या फिरत्या चक्रावर दाबून धरते, आणि इंजिनाची शक्ति चाकांस पोंचते. आपण पेडल दाबलें कीं हा दाब सुटतो आणि दोघे वेगळे होतात. थोडक्यांत, पाय वर असतां संयोग आणि पाय खालीं असतां वियोग. आतां यांत रोग दोन संभवतात. प्लेट झिजली तर संयोग ढिला होतो. इंजिनाचा वेग वाढतो, गाडीचा वाढत नाहीं, चढावर जळका वास येतो. पेडलचें बळ क्लचपर्यंत पोंचलें नाहीं तर वियोगच होत नाहीं. गिअर पडत नाहीं, पडला तर किंचाळतो. अर्ध्या क्लचवर पाय ठेवण्याची खोड पहिल्या रोगाचें कारण आहे. आम्हांस झाला होता दुसरा.

अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहांत उपाधीचें एक उदाहरण आहे. धूर दिसला तर अग्नि असलाच पाहिजे. परंतु अग्नि आहे एवढ्यावरून धुराचें अनुमान करतां येत नाहीं, कारण धुराला ओलें सरपण लागतें. हें मीं वर्षानुवर्षें विद्यार्थ्यांस समजावून सांगितलें. आणि कोणी एक गृहस्थ "क्लच बिघडला, त्या अर्थीं प्लेट गेली, त्या अर्थीं बाईंचा पाय" अशी साखळी गुंफतो तेव्हां मी मान डोलावून घरीं येतों! असो.

त्याच दिवशीं आम्ही तिघे, सूनबाई, नातू आणि मी, वर्कशॉपांत गेलों. गाडी अजून त्यांच्या आवारांत उभी होती. तेथील एका वयस्क फिटरची परवानगी घेऊन, कांहीं न उघडतां, आम्ही जें पाहिलें तें क्रमानें सांगतों, कारण कोणाही वाचकास तें करतां येईल. प्रथम बॉनेट उघडून तेलाचें भांडें पाहिलें. या क्लचचें तेल म्हणजे ब्रेकचेंच तेल. पुष्कळ गाड्यांत दोहोंचें भांडेंही एकच असतें. पातळी बरोबर होती. पेडलखालची चटई कोरडी, गिअरबॉक्सखालची फरशी कोरडी. म्हणजे बाहेर गळती नाहीं. मग समोर कोणी नाहीं हें पाहून, हातब्रेक ओढून, इंजिन सुरू केलें. सूनबाईनें पेडल झटकन् दाबून लगेच रिव्हर्स गिअर टाकला. तो निमूटपणें पडला. पुन्हां न्यूट्रलमध्यें आणून पेडल दाबलें, अर्धा मिनिट तसेंच धरलें, आणि मग रिव्हर्स टाकूं लागली तों तोच घाटांतला आवाज. तिसऱ्यानें पेडल अगदीं हळूं दाबलें. तें लोण्यांत बोट जावें तसें तळाला गेलें. चवथ्यानें भराभर दाबलें तर तेंच पेडल टणक लागलें.

फिटर हें सर्व दारांत उभा राहून पाहत होता. तो म्हणाला, "गुरुजी, मास्टर बायपास होतोय. प्लेटचा काय संबंध?"

बायपास म्हणजे काय तें त्यानें मला तेथेंच समजाविलें. कांहीं गाड्यांत पेडल आणि क्लच यांच्यामध्यें पोलादी तार असते. आमच्या गाडींत तेल आहे. पेडल एका खुंटीवर टांगलेलें असतें. तें दाबलें कीं एक दांडी मास्टर सिलिंडरमधील पिस्टनला ढकलते. पिस्टनवर रबरी कडें असतें, त्याला फिटर लोक वायसर म्हणतात. त्यानें अडविलेलें तेल नळीवाटे गिअरबॉक्सजवळच्या दुसऱ्या सिलिंडरांत दाब पोंचवितें आणि तेथून क्लच सुटतो. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणीं दिलेला दाब सर्वत्र सारखा पोंचतो, हें पास्कल या फ्रेंच पंडितानें सतराव्या शतकांत मांडलेलें तत्त्व. आमच्या बीडच्या खजाना विहिरीचें पाणी निजामशाहींतील कारागिरांनीं भुयारी पाटांनीं बागाइतांस नेलें तें उताराच्या बळावर. तेथें पाटाला एखादी भेग पडली तर पाणी थोडें कमी येईल, इतकेंच. या नळींत वाहणें नाहीं, ढकलणें आहे. वायसरच्या कडेला केसाएवढी चीर गेली कीं पिस्टन पुढें जातो आणि तेल त्याच्या बाजूनें मागें सरकतें. भांड्यांतलें तेल कमी होत नाहीं, बाहेर थेंब पडत नाहीं. झटकन् दाबलें तर तेलाला निसटावयास वेळ मिळत नाहीं, म्हणून काम होतें. पाय धरून ठेवला कीं दाब ओसरतो. ट्रॅक्टरांच्या रांगेमागें पाय धरूनच ठेवावा लागतो, म्हणून घाटांत तें उघडकीस आलें. दाबतांना पेडल फुसफुशीत लागून, दोन-चारदां दाबल्यावर वर येऊं लागलें, तर नळींत हवा शिरल्याचाही संशय घ्यावा. हवा दाबली जाते, तेल दाबलें जात नाहीं. तेथें एअर काढली कीं भागतें.

पण चांगलें रबर अकरा महिन्यांत चिरावें कां? याचें उत्तर नातवानें काढलें. त्यानें पेडल हातानें आडवें हलवून पाहिलें. तें बोटभर हललें आणि कुरकुरलें. खुंटीवरचें बुश खाऊन गेलें होतें. त्यामुळें पेडल सरळ न जातां तिरकें जाई, दांडी पिस्टनला वांकडी ढकली, आणि वायसरची एकच कड सिलिंडरला घासत राही. सूनबाईला तेव्हां आठवलें कीं दिवाळीच्या सुमारास तिनें कुरकुर होते म्हणून सर्व्हिसिंगच्या वेळीं सांगितलें होतें. तेलाचा एक थेंब देऊन तिची बोळवण झाली होती.

नंतर मीं माझें काम केलें, म्हणजे लिहिलें. "क्लच खराब" असें जॉब कार्डावर लिहूं देणें ही मोठी चूक होय. त्यांत कशाचाही समावेश होतो. आम्हीं लिहविलें: पेडल धरून ठेवल्यास दाब ओसरतो, गिअर पडत नाहीं, चढावर ओढ पूर्ण आहे, घसरण नाहीं, पेडल आडवें हलतें. प्रत मागून घेतली. हमीपुस्तिका काढून व्यवस्थापकांपुढें ठेविली. झिजणाऱ्या वस्तूंच्या यादींत क्लच प्लेट होती, ब्रेकचे पॅड होते. मास्टर सिलिंडर नव्हता, पेडल नव्हतें. "प्लेट जळाल्याचें आपण कोठें पाहिलें?" एवढेंच मीं विचारिलें. गिअरबॉक्स उतरविल्यावांचून प्लेट दिसत नाहीं, आणि तो कोणीं उतरविला नव्हता. व्यवस्थापक भला माणूस होता. तो उठून स्वतः पेडल दाबावयास गेला.

अर्ध्या दिवसांत काम झालें. सिलिंडर उघडल्यावर वायसरची एक कड कातरल्यासारखी निघाली. नवा मास्टर सिलिंडर, पेडलचें नवें बुश व खुंटी, नवें तेल. एकानें पेडल दाबावें आणि दुसऱ्यानें खालून बोल्ट सैल करून एअर काढावी, असें दहा-बारा वेळां. बिलावर शून्य. तें शून्याचें बिल मीं मागून घेतलें, कारण तोच भाग पुन्हां बिघडला तर पुरावा लागतो. जुने भागही पाहावयास मागितले. हमीची मुदत आहे तोंवर बाहेरच्या गॅरेजांत मत विचारावें, पण कांहीं उघडूं देऊं नये. आणि ब्रेकच्या तेलाच्या भांड्यांत इंजिनचें तेल कोणीं चुकूनही घालूं नये. त्यानें सारीं रबरें फुगून निकामी होतात, ब्रेकचींसुद्धां.

व्यवस्थापकांनीं ऐकलें नसतें तर? तर जिल्हा ग्राहक आयोग होता. १९८६ च्या कायद्याच्या जागीं आलेला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलांत आला. त्याप्रमाणें तक्रारदार राहतो त्याच जिल्ह्यांत तक्रार करतां येते, कारखाना कोठेंही असो. मुदत दोन वर्षांची. त्याआधीं १९१५ या क्रमांकावर दूरध्वनीनें गाऱ्हाणें नोंदवितां येतें. मात्र अपेक्षा बेताची ठेवावी. २००६ सालीं मारुती उद्योग या कंपनीचें एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें आलें, तेंही क्लचचेंच. खालीं मालकास नवी गाडी देण्याचा हुकूम झाला होता. न्यायालयानें म्हटलें कीं हमी सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याची आहे. तेव्हां क्लच विनामूल्य बदलून द्यावा, सबंध गाडी नव्हे. मला हा निवाडा वाजवी वाटतो; आमच्या बंधूंना वाटत नाहीं. मोटार वाहन कायद्यांत २०१९ च्या दुरुस्तीनें ११०-अ हें कलम आलें आहे. एकाच दोषाच्या पुरेशा तक्रारी आल्या तर त्या जातीच्या गाड्या परत बोलावून दुरुस्त करण्याचा आदेश सरकार कारखान्यास देऊं शकतें. ज्या घरांत अठरा हजार मुकाट्यानें भरले जातात तेथली तक्रार या मोजणींत येत नाहीं.

अर्ध्या क्लचवर पाय ठेवण्याची खोड खोटी नव्हे, हेंही सांगितलें पाहिजे. ती आमच्या चिरंजीवांस आहे. त्यांच्या हातीं गाडी असती आणि त्या गृहस्थानें तोच निकाल दिला असता तर मी काय म्हणालों असतों, हें मीं मनाशीं विचारून पाहिलें. उत्तर मला फारसें आवडलें नाहीं.

वर्कशॉपमधून घरीं येतांना मी सूनबाईला म्हणालों, "परवां रिक्षांत मी बोललों तें चुकलं." ती म्हणाली, "मला वाटलं होतं, तुम्ही हमीचं पुस्तक तरी आधीं वाचाल." बंधूंचा नातू मागें बसून हंसला, आणि मीही.

पौषांत राहिलेलें दर्शन घेऊन आलों. घाटांत ट्रॅक्टरांची रांग तशीच होती. मी पुढच्या आसनावर बसलों होतों. पेडलकडे एकदोनदां पाहिलें, आणि मग खिडकीबाहेर पाहूं लागलों.