समाधान आणि सल्ला

"आमचा एजंट फार चांगला हो, दिवाळीला घरी येतो!" आमच्या वयाची मंडळी असे समाधानाने सांगतात. पण वर्गातली मुले खूश आहेत म्हणजे त्यांना गणित आले, असे थोडेच असते?

सेबीने २००९ साली म्युच्युअल फंडांचा एन्ट्री लोड बंद केला. २०१३ साली गुंतवणूक सल्लागारांसाठी नियम आले, वितरकाचे कमिशन नसलेले डायरेक्ट प्लॅनही आले. नोंदणीकृत सल्लागाराची फी आपण खिशातून देतो, म्हणून ती टोचते. वितरकाचे कमिशन फंड कंपनी देते, पण जाते आपल्याच पैशांतून, आतल्या आत. म्हणून तो सल्ला 'फुकट' वाटतो!

नियम आहेतच. पण "तुम्हाला पैसे कोण देते?" हे आपणच विचारायला हवे. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करतोच ना आपण? मग इथेच संकोच कसला?