हात आपला, माप कोणाचे?

पनवेलहून निघालेला भरलेला ट्रक खोपोलीच्या पुढे बोरघाट चढू लागतो तेव्हा त्या सगळ्या ओझ्याचा ताण इंजिनातल्या एका लोखंडी दांड्यावर येतो. त्याचे नाव क्रँकशाफ्ट. पिस्टन वर-खाली पळतो, आणि त्या पळण्याचे फिरण्यात रूपांतर करतो तो हा दांडा. आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुले गॅरेजांत हेल्पर म्हणून राबतात. त्यांच्यासाठी व त्यांच्या आई-वडिलांसाठी आम्ही आज या दांड्याच्या दुरुस्तीच्या एका जुन्या हत्याराविषयी लिहीत आहोत.

कनेक्टिंग रॉड ज्या गोल भागाला धरतो त्याला क्रँकपिन म्हणतात. स्फोटाचा दणका दर वेळी तिच्या एकाच बाजूला बसतो. म्हणून ती सगळीकडून सारखी झिजत नाही, अंडाकृती होते. अशा पिनवर नवे बेअरिंग घातले तरी थोड्याच दिवसांत ठोका पुन्हा ऐकू येतो.

क्रँक बाहेर काढायची म्हणजे सारे इंजिन उतरवायचे. गाडी तितके दिवस उभी, आणि ड्रायव्हर-क्लीनरची रोजी बंद. यावर उपाय म्हणून मोटारींच्या सुरुवातीच्या काळात हाताने चालवायची छोटी हत्यारे निघाली. अमेरिकेतील गॅरेजांत १९२०-३०च्या सुमारास ती विकली जात. खालचा ऑइल चेंबर उतरवायचा, रॉडची टोपी सोडून पिस्टन वर सरकवायचा आणि दोन भागांचे हे कडे पिनवर आवळायचे. कड्यात एका बाजूला कापणारे पाते, समोर टेकू. कडे हाताने फिरवत पाते जरा जरा पुढे घ्यायचे. लेथवर काम फिरते आणि पाते थांबते; इथे काम थांबते आणि पाते फिरते. पिन गोल झाली की दहा, वीस किंवा तीस थाऊ कमी मापाचे बेअरिंग बसवायचे. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.

या हत्याराला मर्यादाही होत्या. क्रँक ज्या मुख्य जर्नलवर टेकलेली असते तिथे ते पोहोचत नाही. पिनच्या कडेची गोलाई पात्याने काटकोनात कापली तर तडा तिथूनच सुरू होतो, आणि तुटलेली क्रँक घाटात गाडी उभी करते. ऑइलचे भोक बंद न करता कापले तर लोखंडाचा कीस थेट नव्या बेअरिंगमध्ये जातो. वरचा कठीण थर कापला गेला तर आतले मऊ लोखंड लवकर झिजते. तरीही ही विद्या मेलेली नाही. जहाजांच्या आणि वीजघरांच्या प्रचंड इंजिनांची क्रँक बाहेर काढणे फार अवघड, म्हणून तिथे आजही जागेवरच पिन घासतात.

आता मुद्द्याचे बोलतो. कडे फिरवायला ताकद लागते, पण किती कापायचे आणि कुठे थांबायचे हे मायक्रोमीटर सांगतो. पिन एकदा उभी, एकदा आडवी मोजायची. दोन मापांत जो फरक येईल तितकी ती अंडाकृती. गॅरेजांत बहुतेक वेळा कडे फिरवणारा हात हेल्परचा असतो आणि मायक्रोमीटर मिस्त्रीच्या खिशात. पोरगा वर्षानुवर्षे डिझेलने पार्ट धुतो, पण माप शिकत नाही. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीही विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले. हात एकाचा आणि माप दुसऱ्याचे, हे त्याच विभागणीचे छोटे रूप आहे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. युद्धकाळातील तांत्रिक प्रशिक्षणाची योजना त्यांच्याच खात्याकडे होती. काम उस्तादाच्या मर्जीवर नव्हे, तर शाळेत शिकता आले पाहिजे, ही वाट तिथून पुढे आयटीआयपर्यंत येते.

भगवान बुद्धांचा धम्म 'एहिपस्सिको' आहे; ये आणि स्वतः पाहा, असे तो सांगतो. मायक्रोमीटरही तेच सांगतो. मिस्त्री म्हणतो म्हणून नव्हे, माप दाखवते म्हणून पिन खराब. आणि माप जर म्हणत असेल की ही क्रँक जागेवर दुरुस्त होणार नाही, तर गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट सांगणे हीच सम्यक आजीविका. त्या गाडीत बसणारा ड्रायव्हरही कोणाचा तरी बाप असतो.

पनवेलला सरकारी आयटीआय आहे. मुलगा गॅरेजात असला तरी त्याची आणि मुलीचीही तिथे चौकशी करा. कारखान्यात काम करणाऱ्या बांधवांनी एखाद्या रविवारी विहारात मायक्रोमीटर आणावा, आणि मुलांना नाण्याची जाडी व डोक्याचा केस मोजायला शिकवावे. पोरगा संध्याकाळी घरी आला की मजुरीबरोबर एवढेही विचारा, आज काय मोजलेस?