शेतावरचे विमान आणि युद्धखाते

अमेरिकेच्या टेक्सस राज्यातील ओल्नी हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव. पिकांवर औषध फवारणारी विमाने बांधणारा ‘एअर ट्रॅक्टर’ हा कारखाना तेथे आहे. त्याच्या ‘एटी-८०२’ विमानाची सशस्त्र आवृत्ती अमेरिकेच्या विशेष लष्करी दलांनी १ ऑगस्ट २०२२ रोजी पसंत केली. तीन अब्ज डॉलरपर्यंतचा हा करार झाला तो मात्र ‘एल-थ्री हॅरिस’ या बड्या युद्धसामग्री कंपनीशी. ओल्नीने विमान तेवढे पुरवावयाचे. तीन हजार लिटर औषध पोटात घेऊन कच्च्या धावपट्टीवरून उडणारे विमान सेनापतींच्या नजरेत भरले, यात नवल नाही. कारखान्याला ही लक्ष्मी मानवेल काय, हा खरा प्रश्न आहे.

बड्यांच्या मर्जीचा अनुभव या गावाने पूर्वी घेतलेला आहे. लेलंड स्नो या तरुणाने १९५३ साली आपले पहिले फवारणी विमान उडविले आणि पुढे ओल्नीत कारखाना उभारला. १९६५ साली तो त्याने एका मोठ्या उद्योगसमूहास विकला. पाचच वर्षांनी त्या समूहाने सारे उत्पादन दूरच्या जॉर्जिया राज्यात हलविले. स्नो नोकरी सोडून ओल्नीतच राहिला व त्याने नव्याने आरंभ केला. २००८ साली मालकी कामगारांकडे गेली. कारखाना पुन्हा कोणी उचलून नेऊ नये, एवढी तजवीज त्यामुळे झाली असे आम्हांस वाटते. परंतु मालकी कामगारांची असली तरी कामाचा क्रम गिऱ्हाईक ठरवीत असते. शेतकऱ्यांचे वैमानिक एकेक विमान घेतात. युद्धखात्याने आरंभीच ७५ विमानांचा संकल्प सोडला आणि पुढे तो आकडा खाली आणला. अशा लहरीवर छोट्या कारखान्याने किती माणसे नेमावीत?

आपल्याकडे याच कथेचे दुसरे टोक दिसते. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे ‘बसंत’ हे फवारणी विमान १९७२ साली उडाले. लढाऊ विमाने हेच ज्या संस्थेचे मुख्य कार्य, तिच्या घरी ते सावत्रच राहिले. बंद पडण्याची कारणे अनेक असतील. पण अवघी ३९ विमाने बांधून १९८० साली ते काम थांबले. २०२० साली टोळधाड आली तेव्हा राजस्थानात फवारणीसाठी वायुदलाच्या वाहतुकी हेलिकॉप्टरांना घाईघाईने नळ्या आणि टाक्या बसवाव्या लागल्या.